एक वीत चांगली माती

१

मेलं कुणीच नव्हतं. म्हणून तर कुणाला घाई नव्हती.

सोमवारी सकाळी सेव्दा माझ्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर चार वर्षांची बोझुरा, हातात दोन कागद. सेव्दा आमच्या गल्लीच्या टोकाला, रोमा लोकांच्या, म्हणजे गाव ज्यांना जिप्सी म्हणतं त्यांच्या, वस्तीत राहते आणि शाळेत फरश्या पुसते. तिचा नवरा यांको हातगाडीवर भंगार गोळा करतो. गावाला तेवढी ओळख पुरते. जास्त ओळख करून घ्यायची गावाची इच्छा नाही.

"झ्लात्कामावशी, वाच," ती म्हणाली. "मला वाचता येतं, पण माझ्या वाचण्याला कुणी विचारत नाही."

पहिला कागद बालवाडीतल्या रक्ततपासणीचा होता. शिसं पाचच्या वर गेलं की डॉक्टर पुन्हा बोलावतात. बोझुराचा आकडा होता एकतीस. दुसरा कागद बालकल्याण कचेरीचा. भाषा गोड होती. उद्यानाची माती तपासून निर्दोष ठरलेली असल्यामुळे शिसं घरातूनच आलेलं दिसतं. वडील भंगाराचा धंदा करतात हे लक्षात घेऊन गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी येतील आणि मुलीला सुरक्षित ठिकाणी हलवतील.

"यांको बॅटऱ्या वितळवत नाही," सेव्दा म्हणाली. "फ्रिज, सायकली, पत्रे. बॅटरीला तो हातसुद्धा लावत नाही."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग? तुझ्याकडे शिक्का आहे का?"

शिक्का नव्हता माझ्याकडे. मी सव्वीस वर्षं आमच्या डोल्नी ब्रोदच्या बॅटरी कारखान्याच्या गेटवर झडती घेतली. सुटीच्या भोंग्याला चारशे माणूस बाहेर पडायचं आणि त्यातला कोण शिशाची वीट घेऊन चाललाय ते मी पिशवी न उघडता सांगायचे. पिशवी खोटं बोलते. पाय खोटं बोलत नाहीत.

कारखाना बंद पडला. मालक नफा घेऊन समुद्रकाठी राहायला गेला आणि भिंतीमागची काळी जमीन आम्हाला ठेवून गेला. बारा वर्षं आम्ही दर शनिवारी तिथे राबून बाग उभी केली. काचा वेचल्या, गाळ उपसला, साठ झाडं जगवली, फुलांचे बारा वाफे केले. एकेक वाफा एकेका घराला वाटून दिला. मला वाफा नको होता. मी अवजारं दुरुस्त करायचे, आणि मुलांसाठी वाळूचा खड्डा मीच खणला.

या वसंतात जिल्ह्याच्या आयोगानं हुकूम काढला: वाफ्यांची माती तपासा. शिसं निघालं तर मालकानं सगळी जमीन स्वखर्चानं उपसून द्यायची. मे महिन्यात नमुने गेले आणि जूनमध्ये अहवाल आला, माती स्वच्छ. त्या शनिवारी आम्ही हातात हात घालून वाफ्यांभोवती गोल नाचलो. मीही नाचले. मूर्खासारखी.

मी बोझुराकडे पाहिलं. तिचा हात आईच्या गळ्यात होता आणि नखांच्या कडा काळ्या. रोज संध्याकाळी ती त्या वाळूत बसून खणते, वाळू संपून खालची जमीन लागेपर्यंत.

"म्हणजे शिसं आभाळातून पडलं, नाहीतर अहवाल खोटा," मी म्हटलं. "वाळूच्या खालची माती आजच तपासायला देऊ."

"विचारलं मी," सेव्दा म्हणाली. "आठ दिवस लागतात. माझ्याकडे तीन आहेत."

२

जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळा आहे. दुपारच्या बसनं गेले. नमुने घेणारा माणूस वेलिन, पस्तिशीचा, चष्म्यावर टेप लावलेली. मी दारात म्हटलं, तुम्ही पिशव्या बदलल्यात का? तो इतका लाल झाला की त्याच्यावरचा माझा संशय तिथेच निम्मा गेला. चोर लाल होत नाही, चोर हसतो.

"आजी, बारा वाफे, बारा पिशव्या," तो म्हणाला. "प्रत्येक वाफ्यात वरची एक वीत माती घ्यायची असा नियम आहे. मी स्वतः काढली. जागेवरच तारेनं बांधून शिशाचं सील दाबलं—"

"शिशाचंच?"

"सील शिशाचंच असतं. हसू नका. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या. नगरपालिकेचे इंजिनियर गेचेव आणि राइना बाई. इथे मी सील तोडलं तेव्हा तार शाबूत होती. पिशव्या माझ्या गाडीत होत्या, गाडी माझ्या डोळ्यांसमोर होती."

"जेवायला थांबला असशील की."

"गाडीतच खाल्लं. बायकोनं डब्यात चीजचा बानित्सा दिला होता."

त्याच्या बोलण्यात फट नव्हती. मला ते आवडलं नाही. "उरलेली माती दाखव."

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग ते वर्षभर ठेवतात. वेलिननं बारा बरण्या टेबलावर मांडल्या. त्यानं त्या उन्हात कधी पाहिल्याच नसाव्यात. यंत्राला आकडे कळतात. एक बरणी विटेसारखी लाल. एक पिवळट, वाळूमिश्रित. एक कोळशासारखी काळी, पण तेलकट नाही, शेतातली काळी. एकीत द्राक्षाच्या बिया. एकीत चुलीची राख.

"वाफे वेगवेगळे म्हणून मातीही वेगळी, असं वाटलं मला," वेलिन पुटपुटला. "फुलबागेत लोक काही ना काही मिसळतात."

"तू कुठला रे?"

"राजधानीतला. फ्लॅटमधला."

"दिसतंच आहे."

सात नंबरची बरणी मी उचलली. लाल मातीत काहीतरी चमकलं. झाकण उघडून नखानं बाहेर काढलं, तर अंड्याच्या टरफलाचा तुकडा. बाहेरून गडद लाल रंगवलेला.

ईस्टरला आमच्या घरात पहिलं अंडं लाल रंगतं. ते कुणी खात नाही. वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी ठेवतात आणि पुढच्या ईस्टरला, नवं आलं की जुनं जमिनीत पुरतात. कुठेही नाही. ज्या मातीतलं आपण खातो तिथे. द्राक्षाच्या मळ्यात, मिरच्यांच्या सरीत. त्या अंड्यात घरादाराचं वर्षभराचं बरं साठलेलं असतं, अशी समजूत आहे. तुम्ही हसा, पण आमच्या गावात असा एकही माणूस नाही जो ते अंडं बॅटरी कारखान्याच्या राडारोड्यात पुरेल.

ही माती आमच्या जमिनीची नव्हती. आणि सील तर शाबूत होतं.

३

संशयित शोधायला लांब जायची गरज नव्हती. पिशव्यांवर सही करणारा गेचेव हा कारखान्याच्या जुन्या मालकाचा जावई. अहवाल स्वच्छ आला तर सासऱ्याचं घर वाचतं. एवढं सरळ प्रकरण असेल तर गुप्तहेर कशाला हवा, गावातला कुठलाही दारुडा सोडवेल.

मंगळवारी संध्याकाळी तो बागेत सापडला. बूट काढून, अनवाणी, गवतावर आडवा. त्याच्या जुळ्या मुली वाळूच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या.

"अहवाल विकत घेतलास का रे?" मी विचारलं.

त्यानं एक डोळा उघडला. "झ्लात्काकाकू, तुम्ही गेटवरनं कधी उतरणार? कारखाना बंद झाला."

"उत्तर दे."

"मला अहवाल स्वच्छच हवा होता. लपवत नाही. सासरा रोज फोनवर रडत होता. पण विकत घ्यायला आधी कुणी विकायला तर पाहिजे! तुमचा तो चष्मेवाला माझी कॉफीसुद्धा प्याला नाही."

"प्रयोगशाळेचं पत्र कुणाला आलं होतं? तारीख, वाफे, किती खोल खणणार, सगळं?"

"मला. आणि बागेच्या प्रमुख म्हणून राइना बाईंना. झालं?" तो उठून बसला, मुलींना हाक मारली. एकीनं वाळूची मूठ त्याच्या डोक्यावर ओतली. तो हसत राहिला. केसांतली वाळू जिभेला लागली तर थुंकलाही नाही.

मी त्याच्याकडे बघत राहिले. सासऱ्यासाठी माणूस पुष्कळ काही करतो. पण खाली विष आहे हे ठाऊक असताना स्वतःच्या पोरींना त्यात बसवत नाही.

बाकावर राइना बाई बसल्या होत्या. निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. ही बाग त्यांची. म्हणजे कागदावर कुणाचीच नाही, पण पहिल्या शनिवारी फावडं घेऊन एकट्या आल्या होत्या त्या बाईच. माझ्या मुलाला त्यांनी शिकवलं, टपरीवाल्या पेन्काच्या तिघांना शिकवलं, गेचेवला दोनदा नापास केलं. शेजारी त्यांचा नातू लुबो सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्यांनी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन त्याची बोटं एकेक करून पुसली, मगच पुढची बी दिली. निघताना त्याचे बूट काढून पिशवीत घातले, दुसरे चढवले.

"काय झालं, झ्लात्का? चेहरा का असा?"

"सेव्दाच्या पोरीचं."

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "त्या घरात काय काय येत असेल, कुणी सांगावं." आणि नातवाचा हात धरून गेल्या.

मी तिथेच बसले. बारा बरण्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. पिशव्या बदलायच्या तर माणूस काय करील? कुठल्यातरी एका शेतात जाईल आणि एकाच खड्ड्यातून बाराच्या बारा भरील. चोर आळशी असतो. आळशी नसता तर काम केलं असतं. बारा रंगांची माती गोळा करायला बारा गावं हिंडणारा चोर मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही.

म्हणजे पिशव्या कुणीच बदलल्या नव्हत्या. वेलिननं जे उचललं ते आमच्या वाफ्यांतूनच उचललं. चोरी त्याच्या आधीच झाली होती, आणि चोर बारा होते.

४

सात नंबरचा वाफा गांचोदादांचा. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून पंचविशीची. बुधवारी सकाळी मी टरफलाचा तुकडा त्यांच्या कॉफीच्या बशीत टाकला.

"दादा, तुमचं नशीब सांडलंय."

म्हाताऱ्यानं तुकडा बोटानं उलटून पाहिला. मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगणार नाहीस ना? पेन्काला तर मुळीच नको."

"काय?"

"आमच्या मूळ गावच्या मळ्यातनं माती आणली होती. सहा पोती. तपासणी येणार म्हटल्यावर काय, कारखान्याचा कोळसा दाखवायचा? पाहुण्यासमोर फाटका टेबलक्लॉथ घालतं का कुणी? वाफा सजवला, झालं."

मला हसायला आलं आणि त्याच वेळी बशी भिंतीवर फोडावीशी वाटली. आमची ही जातच तशी आहे. वरून तपासणी येणार म्हटलं की आमच्याकडे चुन्याची बादली निघते. झाडांचे बुंधे रंगवायचे, दवाखान्यात नव्या चादरी, शाळेत उसने गालिचे. राज्य बदललं, चुना बदलला नाही. जमीन घाण आहे की नाही बघायला माणूस येणार, तर आम्ही आधी घाणच झाकून ठेवली.

"किती जाड थर दिला?"

"एक वीत."

"एक वीतच का?"

"त्याहून कमी असली तर फुलांची मुळं खाली उतरून जळतात म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"

म्हाताऱ्यानं कप उचलला. "मी म्हणतो."

पेन्का कोपऱ्यावर टपरी चालवते, सिगारेट आणि वर्तमानपत्रं. चार नंबरचा वाफा तिचा. तिला मी टरफल दाखवलं नाही. "गांचोदादाचा वाफा यंदा तुझ्यापेक्षा सरस होता हं," एवढंच म्हटलं.

"त्याचा?" ती काउंटरवरून अर्धी बाहेर आली. "अगं, आईच्या परसातली माती आणली मी! गाडीचे स्प्रिंग बसले! एक वीत भरली, मोजून!" आणि तोंडावर हात.

"एक वीत कशाला मोजलीस?"

"तेवढी लागते."

"कुणी सांगितलं, पेन्का?"

"कुणी नाही." ती पेपरांची थप्पी सरळ करू लागली. सरळच होती. "कुणाला बोलायचं नाही असं ठरलंय. माझा वाफा उठून दिसणार होता."

दुपारपर्यंत मी आणखी पाच जणांकडे गेले. सगळ्यांच्या तोंडी एकच माप. सगळ्यांनी गुपचूप आणलेली माती, आपापल्या मूळ गावाहून मिरच्यांच्या पिशव्यांखाली लपवून. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच हुशार. आणि सांगणाऱ्याचं नाव घ्यायला कुणी तयार नाही. गेचेवचं नाव त्यांनी राकियाच्या एका घोटावर विकलं असतं. एवढा मान देऊन ज्याला लपवावं असं माणूस गावात एकच होतं.

सगळ्यांकडे जाऊन आलेली ती व्यक्ती माझ्याकडे मात्र आली नव्हती. मला वाफा नाही हे कारण होतंच. पण माझं नाक तिला ठाऊक होतं, हेही.

५

बुधवारी चार वाजता मी राइना बाईंकडे गेले. लुबो आतल्या खोलीत चित्र काढत होता. बाईंनी चहाचा कप पुढे ठेवला. मी हात लावला नाही.

"बाई, वेलिन किती खोल खणणार हे दोघांनाच माहीत होतं. गेचेवला आणि तुम्हाला."

"मग गेचेवला विचार."

"विचारलं. त्याच्या पोरी वाळू खातात आणि तो हसतो. त्याला ठाऊक नाही खाली काय आहे. सासऱ्यानं सांगितलं सगळं ठीक, ह्या गाढवानं मानलं." मी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. आत लुबोचे बागेतले बूट होते. "कारखान्यात नवी पोरं कामाचे बूट घालूनच घरी जायची. जुनी माणसं गेटवर बूट बदलायची. घरात लेकरं रांगत असायची ना. मी पायांकडे बघून सांगायचे, कुणाला कळलंय आणि कुणाला नाही. तुम्हाला कळलंय."

बाईंनी चहाचा कप माझ्याकडे आणखी सरकवला.

"आणि तुम्ही अंदाजावर चालणाऱ्या नव्हे. तुम्ही माती तपासून घेतलीत. आधीच. कागद कुठाय?"

बाई खुर्चीत ताठ बसल्या. मग त्या बोलल्या तेव्हा आवाज वर्गातला होता.

"जर्दाळूच्या फुलांच्या वेळी. माझ्या एका विद्यार्थिनीनं करून दिली, दुसऱ्या जिल्ह्यात. बाराही वाफे खराब, आणि वाळूखालची माती सगळ्यांत वाईट. ऐकायचंय पुढं? आयोग काय करणार ठाऊक आहे? मालक अपिलात जाणार. अपील वीस वर्षं चालणार. तोवर जमिनीभोवती काँक्रीटचं कुंपण. नदीकाठच्या गोदामाला घातलं होतं तसं. ते अजून उभं आहे, झ्लात्का, आणि आत झुडपंसुद्धा नाहीत. साठ झाडं आहेत माझी. बारा वर्षं आहेत. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं."

"कुणाला? तुला? तू उद्या गेटवर उभी राहून बोंब मारली असतीस."

"हो."

"मी ठरवलं होतं, हळूहळू करू. दर वर्षी एक वीत माती. मुलांना हात धुवायला शिकवू. नळ मागितला होता मी नगरपालिकेकडे, दोनदा."

"लुबोला शिकवलंत. बोझुराला कुणी शिकवायचं?"

"तिला आई आहे," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. त्या खिडकीकडे वळल्या.

मला राग आला की मी ओरडते. त्या दिवशी ओरडले नाही. "उद्या दहा वाजता त्या आईकडून मूल काढून घेणार आहेत. तुमच्या स्वच्छ अहवालाच्या जोरावर. घरात शिसं नाही हे सेव्दा सिद्ध करू शकत नाही. जे नाही ते कसं दाखवायचं? बागेत शिसं आहे हे फक्त तुम्ही दाखवू शकता."

"पाचसहा आठवडे संस्थेत राहील. चांगलं खायला मिळेल. परत येईल."

"त्यांच्यातली मुलं परत आलेली तुम्ही किती पाहिलीत? तीस वर्षं शाळेत होता तुम्ही."

त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला. त्यांना आकडा ठाऊक होता.

मी उठले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. "लुबो, चल बाळा, बागेत जाऊ. वाळूत बोगदा खणू. खूप खोल. बूट राहू देत, अनवाणीच चल."

पोरगं आनंदानं उडी मारून उठलं. दारापर्यंत आलं.

"अर्धा तास, बाई. फक्त अर्धा तास खेळू द्या. परत आणून सोडते आणि पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडत नाही. सेव्दाच्या पोरीला जे चालतं ते ह्यालाही चालेल की."

मी त्याला नेणार नव्हते. मी तसली नाही. पण बाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. लुबोनं माझं बोट धरलं. मी दाराची कडी काढली.

"सोड त्याला," राइना बाई म्हणाल्या.

त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून वहीखालचा कागद काढला. शिक्का, तारीख, तेरा ओळी. टेबलावर ठेवला नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता खूश?"

मी खूश नव्हते. एवढंच सांगते.

६

गुरुवारी दहाला गाडी आली. बालकल्याणच्या मॅडम, सोबत एक पोलीस, मागच्या सीटवर मुलांची खुर्ची आधीच बसवलेली. सेव्दानं बोझुराला घट्ट धरलं होतं. यांको भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात उघडे, सगळ्यांना दिसतील असे. हे त्याला कुणी शिकवलं असेल, विचारायला नको.

मी कागद पुढे केला. सोबत माझं लेखी म्हणणं आणि गांचोदादांची सही. बारापैकी एकाच माणसानं सही दिली, तीही म्हणाला, "अंडं माझं होतं म्हणून." वेलिननं सकाळीच मॅडमच्या कचेरीत फोन करून बरण्यांचं खरं आहे म्हणून सांगितलं होतं. मॅडमनी कागद दोनदा वाचला. विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेला फोन लावला. मग पोलिसाला म्हणाल्या, "खुर्ची काढा."

सेव्दा जमिनीवर बसली. तशीच.

जाता जाता मॅडम यांकोच्या शेडमध्ये डोकावल्या. फ्रिज, सायकली, पत्रे. "बघायची सवय आहे हो," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. माफी मागितल्यासारखं काही नव्हतं त्यात.

शुक्रवारी काँक्रीटचे खांब आले. शनिवारी कुंपण पूर्ण. राइना बाईंचा तेवढा अंदाज बरोबर निघाला, आणि अपीलही दाखल झालं. माणसं सवयीनं फावडी घेऊन आली आणि बाहेर उभी राहिली. पेन्कानं मला पेपर विकायचं बंद केलंय. "एका जिप्सी पोरीपायी सगळ्यांची बाग घालवलीस," असं ती तोंडावर म्हणाली. बाकीचे पाठीमागे म्हणतात. राइना बाईंच्या दारात मात्र लोकांनी केक नेऊन ठेवले. बिचाऱ्या बाई, बारा वर्षांचं काम गेलं. कारखान्याच्या मालकाला शिव्या घालताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. तो समुद्रकाठी आहे, लांब आहे, आणि मी इथे हाताशी आहे.

गेचेवच्या जुळ्यांची तपासणी झाली. सतरा आणि एकोणीस. तो माझ्या दारात येऊन बसला आणि अर्धी बाटली संपवून गेला.

ऑगस्टमध्ये बोझुराची दुसरी तपासणी झाली. चोवीस. उतरतंय, पण डॉक्टर म्हणाली, मेंदूत जे व्हायचं ते झालं की नाही, शाळेत गेल्यावर कळेल. सेव्दानं मला कॉफीला बोलावलं. चांगला कप काढला होता. पोरगी कोपऱ्यात पाठ करून बसलेली, माझ्याकडे बघेना.

"काय गं, बोझुरा? रागावलीस?"

"तू बाग बंद केलीस," ती भिंतीला म्हणाली. "सगळे म्हणतात. माझी वाळू तू बंद केलीस."

सेव्दा तिला रागावणार होती. मी हातानं थांबवलं.

"हो," मी म्हटलं. "मीच केली."